दोन थापा म्हणजे थांब

भट्टीचं अस्तर बदलायचं म्हणून
फाउंड्रीला शनिवार-रविवार सुट्टी पडली,
आणि भूपालनं गाडीची सीट पुसता पुसता
माझ्याकडं न बघताच विचारलं,
“दाजीपूरला जाऊया?”
लग्नाला एकोणतीस वर्षं.

उद्यमनगरात ग्राइंडरशेजारी उभं राहून
त्याचे कान गेलेत, उजवा जास्त.
यंत्र घेतलंय, ते डबीत असतं.
हेल्मेटात शिट्टी मारतं म्हणतो.
घरी मी ओरडूनच बोलते.
शेजाऱ्यांना वाटतं, भांडतोय;
मी फक्त चहा ठेवू का विचारत असते.

म्हणून पुईखडीचा चढ संपायच्या आत ठरवलं :
खांद्यावर एक थाप म्हणजे हळू,
दोन म्हणजे थांब.
तीनचं काही ठरलं नाही.

भोगावतीवर धुकं होतं,
आणि धुक्यात मागच्या दिव्याशिवाय
उसाच्या ट्रॉल्या.
एक थाप. एक थाप. परत एक.

कौलवच्या अलीकडं गुऱ्हाळ दिसलं. दोन थापा.
गुळव्यानं उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून
बोटांनी गोळी वळून पाहिली.
भूपाल मात्र काहिलीकडं गेलाच नाही.
तो खाली चुलवाणापाशी उकिडवा बसला,
ज्वाळेचा रंग बघत.
चिपाड कोंबणाऱ्या पोराला हातानं खूण केली : थोडं डावीकडं.
पोरानं कोंबलं. जाळ सरळ झाला.
दोघंही हसले.
वर्षभरात त्याचं एवढं बोलणं झालं नव्हतं कुणाशी.

राधानगरीत मधाच्या बाटल्या घ्या म्हणून बाई मागं लागली.
आम्ही जैन, मध खात नाही, म्हटलं,
तर म्हणाली, मग नुसता वास घ्या की.
घेतला.
दिवस बुडायच्या आत धरणाकाठी
दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा.
पाणी इतकं गप्प होतं
की मलाच कानात काही झालंय असं वाटलं.

त्याआधी दुपारी जंगलातल्या जीपमध्ये
बिरू दाखवत होता, तो बघा शेकरू, तो बघा.
डोक्यावरनं ओलं लुगडं झटकल्यासारखा आवाज गेला.
मी भूपालची हनुवटी धरून
त्याचं तोंड डावीकडं वळवलं.
धनेश. दोन.
मला ते फांद्यांत सापडेनात,
त्यानं बोट करून दाखवले.
दोघांत मिळून एक धड माणूस, मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही. बिरूला गेलं.

रविवारी उजाडायच्या आत निघालो.
थंडीनं गुडघे माझे राहिले नव्हते.
मी त्याच्या जर्किनला गाल लावून बोलत होते,
नेहमी बोलते तसं, जे त्याला कळणार नाही ते :
तुझे कान गेले तेव्हा मी रडले नाही, चिडले;
मला हळू बोलायला आवडायचं रे.

थापा मारायच्या आधीच गाडी थांबली.
त्यानं इंजिन बंद केलं.
रस्त्यात गवा.
काळं अंग, पायात पांढरे मोजे,
शाळेला निघाल्यासारखा.
नाकातनं वाफ.
मग एकदा फुरफुरला,
माझ्या पोटात हललं काहीतरी.
तो खूप वेळ उभा होता, की थोडाच, सांगता येत नाही.
कारवीत शिरला तेव्हा मागं दोन पिल्लंही होती.

आणि भूपाल,
जो औषधाच्या दुकानातसुद्धा ओरडून बोलतो,
कुजबुजला :
“पायातनं ऐकू आला.”

परतताना हळदीच्या पुढं
मी त्याच्या खांद्यावर तीन थापा मारल्या.
त्यानं गाडी बाजूला घेतली, काच वर केली,
“काय झालं?”
काही नाही, मी ओरडले, ट्रॉली दिसली.
रस्ता साफ मोकळा होता.
ही तेवढी एक थाप.